नांगर, ट्रॅक्टर आणि मालकाचा शोक : 'जेथ्रो टल'च्या ध्वनिमुद्रिकांचे पुनर्मूल्यांकन

प्रास्ताविक :

बियाणे ओळीने पेरणारे यंत्र इ. स. १७०१ च्या सुमारास तयार करणारा दक्षिण इंग्लंडमधील शेतकरी जेथ्रो टल (१६७४-१७४१) युरोपीय कृषिक्रांतीच्या इतिहासात आवर्जून भेटतो. १७३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने घोड्याने ओढावयाच्या कोळप्याचाही पुरस्कार केला. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, केदारखेड्यासारख्या गावी, या शोधाचे कोणास फारसे नवल वाटणार नाही. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून एकाच वेळी तीन ओळींत बी सोडण्याची रीत येथील शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कॅप्टन थॉमस हालकॉट या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण हिंदुस्थानात अशी ओळीची पेरणी पाहिली, तेव्हा आपण जिला अर्वाचीन युरोपीय कल्पना समजत होतो ती येथे आधीपासून रूढ असल्याचे त्याने नमूद करून ठेवले. हा पत्रव्यवहार धर्मपाल यांनी १९७१ मध्ये आपल्या ग्रंथातून पुन्हा उजेडात आणला.

या शेतकऱ्याचे नाव १९६८ च्या आरंभी एका इंग्रज रॉक बँडला मिळाले, ते निव्वळ योगायोगाने. नव्या बँडला त्याच जागी दुसऱ्यांदा कार्यक्रम मिळावा म्हणून दलाल दर काही दिवसांनी त्याचे नाव बदलत असे. त्यातले 'जेथ्रो टल' हे नाव टिकले, कारण त्या नावाने झालेल्या कार्यक्रमानंतर पुन्हा बोलावणे आले. पुढील दहा वर्षांत मात्र या योगायोगाला अर्थ प्राप्त झाला. बँडचा प्रमुख, गायक व बासरीवादक इयान अँडरसन याने जमीन, जनावरे, ऋतू आणि शेतीचे यांत्रिकीकरण यांविषयी सलग गाणी रचली व स्वतःही जमीनदार झाला.

प्रस्तुत लेखक गेली तीन दशके या बँडच्या ध्वनिमुद्रिका ऐकत आला आहे. त्यांची एक रूढ प्रतवारी आहे. तीनुसार 'अॅक्वालंग' (१९७१) आणि 'थिक अॅज अ ब्रिक' (१९७२) ही शिखरे, 'अ पॅशन प्ले' (१९७३) हा अतिरेक, १९७७ ते १९७९ मधील ग्रामीण वळणाच्या तीन ध्वनिमुद्रिका हा एक प्रसन्न आडरस्ता आणि त्यानंतरचा काळ उताराचा. ही प्रतवारी शहरी श्रोत्याने केलेली आहे. ज्या श्रोत्याच्या डोळ्यांदेखत गावातील बैलजोड्या कमी होत गेल्या, त्याने हाच संभार ऐकला तर क्रम बदलतो, आणि ज्या ध्वनिमुद्रिका वर येतात त्यांच्यातील उणिवाही त्यालाच अधिक स्पष्ट दिसतात, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पारिभाषिक संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. 'प्रोग्रेसिव्ह रॉक' या संज्ञेचे 'पुरोगामी रॉक' असे भाषांतर कधी कधी कानी पडते, ते दिशाभूल करणारे आहे. येथील 'प्रोग्रेसिव्ह' हे सामाजिक विचाराचे विशेषण नसून रचनेचे आहे. तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून दीर्घ रचना, बदलते ताल आणि पाश्चात्त्य अभिजात संगीतातील व लोकसंगीतातील सामग्री यांचा स्वीकार, एवढाच त्याचा आशय. संगीतप्रकारांची अशी सरमिसळ मराठी श्रोत्यासही अगदी परकी नाही. 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) या पु. ल. देशपांडे यांनी रूपांतरित केलेल्या नाटकात नंदू भेंडे यांच्या रूपाने रॉक गायकीने मराठी रंगभूमीवर हक्काने पाऊल ठेवले होते.

आरंभीच्या ध्वनिमुद्रिका :

'धिस वॉज' (१९६८) ही पहिली ध्वनिमुद्रिका प्रामुख्याने ब्लूज वळणाची आहे. तिच्यातून भावी बँडचा अंदाज येतो तो केवळ बासरीमुळे. गिटारवादनात एरिक क्लॅप्टनची बरोबरी आपणास साधणार नाही हे ओळखून अँडरसनने आपली गिटार देऊन बासरी घेतली, असे तो स्वतः सांगत आला आहे. तो कोणाकडे शिकला नाही. अमेरिकन वादक रोलँड कर्क याच्या धर्तीवर तो फुंकरीबरोबरच कंठातूनही आवाज काढतो. त्यामुळे स्वर खरखरीत, धापा टाकणारा, काहीसा दांडगा येतो. पन्नालाल घोष यांनी ख्यालासाठी घडविलेल्या बासरीचा स्वर कानात असलेल्या श्रोत्यास हा स्वर प्रथम अशिष्ट वाटतो. परंतु हा दांडगेपणा हेच त्या वादनाचे चारित्र्य आहे. विजेच्या गिटारपुढे तो टिकतो तो त्यामुळेच.

'स्टँड अप' (१९६९) पासून मार्टिन बार हा गिटारवादक आला आणि चार दशकांहून अधिक काळ राहिला. याच ध्वनिमुद्रिकेत बाखच्या एका नृत्यरचनेचे बासरीवर केलेले रूपांतर आहे. त्याच वर्षीचे 'लिव्हिंग इन द पास्ट' हे गाणे पाच मात्रांचे आहे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात हा ताल विरळा. पण झपतालाच्या अर्ध्या आवर्तनाची सवय असलेल्या कानास तो मुळीच अवघड वाटत नाही. 'बेनिफिट' (१९७०) विषयी विशेष सांगण्यासारखे नाही.

'अॅक्वालंग'च्या पहिल्या बाजूवर निराधार, उपेक्षित माणसांची शब्दचित्रे आहेत, तर दुसऱ्या बाजूवर संघटित धर्मसंस्थेशी वाद. शीर्षकगीताचे शब्द अँडरसन आणि त्याची तत्कालीन पत्नी जेनी यांनी मिळून रचले. त्यांचा आधार होता तिने लंडनमध्ये टिपलेली बेघर माणसांची छायाचित्रे. त्या गाण्यात रस्त्यावरच्या वृद्धाविषयी करुणा आहे आणि किळसही आहे, आणि गाणे ती किळस लपवीत नाही. हा प्रामाणिकपणा या ध्वनिमुद्रिकेस आजही जिवंत ठेवतो. दुसऱ्या बाजूवरील धर्मचिकित्सा मात्र आज बाळबोध वाटते. देव वेगळा आणि त्याचे मध्यस्थ वेगळे, हे वारकरी संतांच्या अभंगांतून शतकानुशतके ऐकत आलेल्या समाजास तिच्यात नवे काही सापडत नाही.

दीर्घ रचनांचा प्रश्न :

समीक्षकांनी 'अॅक्वालंग'ला एकसूत्री ध्वनिमुद्रिका ठरविले, ते अँडरसनला मान्य नव्हते. त्याने प्रत्युत्तरादाखल 'थिक अॅज अ ब्रिक' ही सुमारे त्रेचाळीस मिनिटांची, तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणारी एकच रचना सादर केली. तिचे शब्द आठ वर्षांच्या एका मुलाने लिहिलेल्या कवितेचे आहेत, अशी बतावणी होती. वेष्टन म्हणून बारा पानांचे एक काल्पनिक स्थानिक वृत्तपत्रच छापण्यात आले. विडंबन म्हणून रचलेली कृती त्या प्रकाराचा आदर्श मानली गेली, हा साहित्याच्या इतिहासात परिचित असलेला विरोधाभास येथेही घडला.

या रचनेचे कौतुक करताना तिच्या लांबीस महत्त्व दिले जाते. ज्या परंपरेत एका रागाचा विस्तार तासभर चालतो तेथे लांबी हे मूल्य ठरत नाही. विस्तार कशाचा व कसा होतो, हा खरा प्रश्न. ख्यालात बढत एका बीजातून होते, तर येथे अनेक लहान रचना एकमेकींस जोडलेल्या आहेत. तथापि हे जोडकाम कुशल आहे. आरंभीची साध्या गिटारवरील धून मधूनमधून वेष पालटून येते आणि अखेरीस मूळ रूपात परतते. बॅरिमोर बार्लो याचे तालवादन आणि जॉन एव्हन याचे ऑर्गनवादन सांधे जाणवू देत नाही. शिवाय रचनेस विनोदबुद्धी आहे. 'अ पॅशन प्ले'मध्ये मृत्यूनंतरच्या प्रवासाचा विषय आहे, वादन तर अधिकच अवघड आहे. पण उसंत कोठेच नाही. मध्येच येणारी सशाची गोष्टही मोकळेपणा आणीत नाही. अमेरिकेत ती विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली, समीक्षकांनी ती झोडपली. आज ऐकताना समीक्षकांचा निकाल मूलतः योग्य वाटतो.

'वॉर चाइल्ड' (१९७४), 'मिन्स्ट्रेल इन द गॅलरी' (१९७५) आणि 'टू ओल्ड टू रॉक अँड रोल : टू यंग टू डाय' (१९७६) या तिन्हींपैकी मधली निःसंशय श्रेष्ठ. तिच्यातील एकट्या गिटारच्या साथीची गायकी पुढील काळाची नांदी आहे.

गाव, रान आणि घोडे :

१९७७ हे इंग्लंडमध्ये पंक संगीताच्या उद्रेकाचे वर्ष. शहरी तरुणांची बेकारी आणि संताप यांना त्या संगीताने वाचा फोडली. त्याच वर्षी 'साँग्ज फ्रॉम द वूड' प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधील लोककथा व दंतकथांचा एक संग्रह भेट मिळाल्यावर त्यातून अँडरसनला विषय सुचले. वसंतातील वनदेव, संक्रमणकाळच्या घंटा, रानातील शिकार असे तिचे जग. शहर पेटलेले असताना रानात जाऊन बसल्याचा आक्षेप तिच्यावर येणे स्वाभाविक होते, आणि काही गाण्यांपुरता तो खरा आहे. 'जॅक-इन-द-ग्रीन' या गाण्यात अँडरसनने सर्व वाद्ये स्वतः वाजविली आहेत. त्यातील निवेदकास फरशीतूनही गवत उगवताना दिसते. हा पलायनवाद म्हणता येत नाही. 'पिब्रॉक'मध्ये बारची गिटार स्कॉटिश मशकवाद्यासारखी वाजते, आणि टोपी हातात घेऊन मोठ्या घराबाहेर घुटमळणारा एक माणूस आत न जाताच परततो. श्रोत्याने हा माणूस लक्षात ठेवावा. पुढील ध्वनिमुद्रिकेत तो नाही.

'हेवी हॉर्सेस' (१९७८) ही माझ्या मते बँडची सर्वश्रेष्ठ ध्वनिमुद्रिका होय. शीर्षकगीत सुमारे नऊ मिनिटांचे आहे. त्याचा विषय नांगराचे अवजड घोडे. सफोक, क्लाइड्सडेल, पर्शेरॉन, शायर या जातींची नावे गाण्यात येतात, जशी आपल्याकडे देवणी, लाल कंधारी, खिल्लार ही नावे बैलबाजारात उच्चारली जातात. ट्रॅक्टर येऊ घातला आहे, घोडे थोडेच उरले आहेत, त्यांना काम नाही. संथ भागात पियानो आणि गिटार यांचे ठोके जमिनीत रुतणाऱ्या खुरांसारखे पडतात. घामाने टरारलेल्या शिरा, नाकपुड्यांभोवतीच्या माश्या, खुरांखालची गारगोटी हे तपशील ज्याने औतामागे चालणारे जनावर जवळून पाहिले आहे त्यासच सुचतील.

मध्यंतरी लय एकाएकी द्रुत होते. डॅरिल वे याचे व्हायोलिन येते, डेव्हिड पामर (आज डी पामर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या) यांची तंतुवाद्यांची योजना येते. नांगराचा घोडा दौडत नाही, म्हणून हा भाग विसंगत आहे, असे म्हणता येईल. पण या भागातील शब्द चामड्याचे लगाम आणि लखलखते पितळ यांचे आहेत. मराठवाड्यातील श्रोत्यास येथे पोळा आठवल्यावाचून राहत नाही. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांची आदल्या दिवशी खांदेमळणी होते. दुसऱ्या दिवशी झूल, घुंगरमाळा, गोंडे घालून बैल तोरणाखाली उभे राहतात, आणि पोळा फुटला की गावात एकच धावपळ उडते. संथ भाग कामाच्या दिवसांचा, तर द्रुत भाग बिनकामाच्या एका दिवसाचा. असे ऐकले म्हणजे रचनेचा तोल उमगतो. अलीकडे ज्यांच्या दावणीला बैल उरला नाही ती घरे पोळ्यास मातीचे बैल पूजतात. 'हेवी हॉर्सेस' हे अशाच पूजेचे गाणे आहे.

मालकाचा शोक आणि गड्याचा शोक :

या गाण्यातील निवेदक कोण, हा प्रश्न माझ्या वाचनात आलेल्या इंग्रजी समीक्षेत फारसा विचारला गेलेला नाही. तो घोड्यांना सांगतो की तुमचा वंश टिकविण्यासाठी मी घोडी आणीन, लोक तुम्हाला हसू नयेत म्हणून राईमागे तुम्हाला उभे करीन. एके दिवशी तेल संपेल आणि मग जग तुमच्या ताकदीची याचना करील. १९७३ च्या तेलसंकटानंतरचे हे स्वप्न आहे. परंतु बिनकामाचे जनावर पोसण्यासाठी, लपविण्यासाठी राई आणि कुरण ज्याच्या मालकीचे आहे त्यालाच असे वचन देता येते. ही जमीनमालकाची वाणी आहे. अँडरसनने १९७८ मध्येच स्काय बेटावरील स्ट्रॅथएर्ड ही विस्तीर्ण जमीन खरेदी केली आणि पुढे तेथे सामन माशांच्या संवर्धनाचा मोठा व्यवसाय उभारला, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

मराठीत याच विषयाचा शोध सात वर्षे अगोदर घेतला गेला होता. आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीतील नारबा हा शेतावरचा गडी. मळ्यातील जनावरे हाच त्याचा गोतावळा, दुसरे कोणी नाही. मालक ट्रॅक्टर आणतो, जनावरे विकली जातात आणि नारबाच्या जगण्याचा आधारच निखळतो. सबंध कादंबरी त्याच्या बोलीत, त्याच्या तोंडून आहे. मालकाच्या दृष्टीने जे आधुनिकीकरण ते नारबाच्या दृष्टीने आप्तांचा वियोग आहे, आणि त्याच्यापाशी जनावरे लपवावयास राई नाही.

दोन कृतींची ही तुलना अन्यायकारक आहे, असा आक्षेप संभवतो. कादंबरीस शेकडो पृष्ठे, गाण्यास नऊ मिनिटे. शिवाय संगीताचा आशय शब्दांत संपत नाही. हे मान्य करूनही एक उणीव उरते. 'हेवी हॉर्सेस'मध्ये नांगर आहे, घोडा आहे, नांगरामागे आपण सरकत असल्याची भावना आहे. नांगर धरणारा मजूर नाही. घोडा गेला तेव्हा त्याच्याबरोबर तो नांगऱ्याही कामावरून गेला असणार. त्याच्याविषयी एक शब्दही नाही. जनावराविषयीचे प्रेम जेव्हा माणसाला वगळून व्यक्त होते तेव्हा ते सुंदर होऊ शकते, पण पुरते खरे होत नाही. तरीही ही ध्वनिमुद्रिका मी सर्वश्रेष्ठ मानतो, याचे कारण बँडच्या इतर कोणत्याही कृतीशी आपल्या भूमीवरून इतका गंभीर वाद घालता येत नाही. 'अ पॅशन प्ले'शी वाद घालण्याची कोणास इच्छा होईल?

'स्टॉर्मवॉच' (१९७९) मध्ये उत्तर समुद्रातील तेल, वादळ आणि येऊ घातलेले हिमयुग हे विषय आहेत. सूर खिन्न आहे. बासवादक जॉन ग्लासकॉक आजारी असल्याने बहुतेक गाण्यांत अँडरसननेच बास वाजविली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ग्लासकॉक निवर्तला. पामर यांची 'एलिजी' ही अखेरची शब्दविरहित रचना आज त्याच्यासाठीच लिहिलेली वाटते.

१९८० नंतर :

'ए' (१९८०) बरोबर जुना संच विस्कटला. 'अंडर रॅप्स' (१९८४) मध्ये तालवादकाच्या जागी यंत्र आले. घोड्यासाठी अश्रू ढाळणाऱ्या बँडने ढोलकवाल्यास रजा द्यावी, याची त्या वेळी कोणास मौज वाटली असल्यास नकळे. त्या दौऱ्यानंतर अँडरसनचा कंठ कायमचा बिघडला. यापुढील गायन ऐकताना श्रोत्यास गळ्याच्या मर्यादा सोसाव्याच लागतात. बासरीचे मात्र उलट झाले. मुलगी बासरी शिकू लागली तेव्हा आपली बोटे मुळातच चुकीची पडतात हे अँडरसनच्या ध्यानी आले, आणि १९९० च्या दशकात, पंचवीस वर्षांच्या कीर्तीनंतर, त्याने बोटांची ठेवण नव्याने घोटली. 'रूट्स टू ब्रँचेस' (१९९५) मधील बासरी त्यामुळे अधिक स्वच्छ व सुरेल आहे. तिच्यात पूर्वेकडील स्वरांची चाहूल आहे. गुरूविना गेलेली वर्षे भरून काढण्याचा हा उद्योग आपल्याकडील संगीतशिक्षकांनी विद्यार्थ्यांस सांगण्याजोगा आहे. २००८ मध्ये हा बँड अनुष्का शंकर यांच्यासमवेत भारतात आला असता २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यामुळे मुंबईचा कार्यक्रम रद्द झाला, व ५ डिसेंबर रोजी पीडितांच्या साहाय्यार्थ तो मुंबईतच पार पडला. 'द झीलट जीन' (२०२२), 'रॉकफ्लूट' (२०२३) आणि 'क्युरिअस रुमिनंट' (२०२५) या अलीकडील ध्वनिमुद्रिका नीटनेटक्या आहेत, एवढेच.

या उत्तरकाळातील एक गाणे मात्र रूढ प्रतवारीने अकारण मागे टाकले आहे. 'क्रेस्ट ऑफ अ नेव्ह' (१९८७) ही ध्वनिमुद्रिका स्मरणात आहे ती १९८९ च्या ग्रॅमी पारितोषिकामुळे. मेटालिका या बँडला डावलून हार्ड रॉक व मेटल विभागातील पहिले पारितोषिक तिला मिळाले आणि पुष्कळ हसे झाले. ध्वनिमुद्रण कंपनीने त्यावर बासरी हेही धातूचेच जड वाद्य असल्याची जाहिरात केली. या गदारोळात 'फार्म ऑन द फ्रीवे' हे गाणे झाकोळले. त्यात एक अमेरिकन शेतकरी स्वतःच्या तोंडाने बोलतो. बापाने मुलासाठी घातलेले काटेरी कुंपण, दरीतला निवारा, ओढा, सगळे द्रुतगती महामार्गाखाली गेले आहे. हाती मोठी रक्कम आली आहे, एक मालमोटार आहे. आपण कालपर्यंत श्रीमंत होतो, असे तो म्हणतो. 'हेवी हॉर्सेस'मध्ये जो माणूस नव्हता तो येथे नऊ वर्षांनी आला, तोही इंग्लंडातून न येता अमेरिकेतून. आपल्या जमिनीवर पाय रोवून उभ्या असलेल्या अँडरसनला भूमिहीनाचा आवाज सापडावयास समुद्र ओलांडावा लागला, असे म्हणावेसे वाटते.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये व संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. तो जालना जिल्ह्यातून जातो. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या त्यांपैकी कोणी रकमेतून दुसरीकडे शेत घेतले, कोणी घर बांधले, कोणी गाडी घेतली. या व्यवहाराचा हिशेब अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी मांडावा. तो मोबदल्याचा हिशेब असेल. गाण्यातील शेतकरी मोबदल्याविषयी तक्रार करीत नाही, तो आपणास नकोच होता इतकेच सांगतो. त्याचे शब्द थांबतात तेथे बासरी सुरू होते, आणि तिच्यात अजून जुना, न शिकलेल्या बोटांचा खरखरीतपणा आहे.